उलट्या काचेवरचा मोमोलो

मित्रांनो, मला सारे जग उलटे दिसते. माझ्या पाठीला एक धुरकट काच आहे. तिच्यावर घरे डोक्यावर उभी राहतात आणि माणसे आभाळात पाय रोवून चालतात. पाण्यातली प्रतिबिंबे मात्र मुळातच उलटी, म्हणून ती माझ्या काचेवर सरळ उभी दिसतात. व्हेनिसमध्ये जन्म काढलेल्याला ही गोष्ट विसरता येत नाही.

मी अक्रोडाच्या लाकडाचा एक म्हातारा कॅमेरा. तरुणपणी मी मोठा ऐटबाज होतो. माझा चामडी भाता नवाकोरा होता, पितळ लखलखत असे. माझा मालक अल्विझे मला तिपाईवर चढवी, डोक्यावर काळे कापड घेई आणि कालव्यावरच्या पुलावरून देशोदेशींच्या प्रवाशांचे फोटो काढी. लोक वाहवा करीत आणि मी उगाच फुगून जाई.

पुलाखाली मोमोलोची नाव बांधलेली असे. हा अल्विझेचा बालमित्र. प्रवासी त्याच्या नावेत बसून हौसेने फोटो काढून घेत. पण मी दिसलो की हा पठ्ठ्या टोपी डोळ्यांवर ओढी, नाहीतर पाठ फिरवी.

"अरे, एकदा तरी तोंड दाखव!" अल्विझे ओरडे.

"कशाला? थडग्यावर लावायला?" मोमोलो हसे. "मला पोचवायची एवढी घाई झालीय होय तुला?"

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो चिनी मातीच्या लंबगोल चकतीवर उतरवून थडग्याच्या दगडात बसवतात. गरिबाघरचा एकुलता एक फोटो बहुधा त्याच कामी येई.

एका सकाळी दाट धुक्यात मोठ्या बोटीने मोमोलोच्या नावेला धडक दिली. मग काळी होडी त्याला फुलांसकट स्मशानाच्या बेटावर सोडून आली.

पुढे त्याची बायको झानेत्ता आमच्या फोटोच्या दुकानात आली. "भाऊजी, दगडात चकतीची खाच कोरलीय, पण ती रिकामीच. मी जाऊन बोलू कुणाशी? शेजारच्या थडग्यावरच्या मिशाळ पाववाल्याशी?" असे म्हणता म्हणता ती रडू लागली.

अल्विझेने फोटोंच्या सगळ्या जुन्या काचा उजेडाला धरून पाहिल्या. जिकडेतिकडे परक्यांचे हसू, आणि त्यामागे मोमोलोची पाठ. एकाही काचेवर त्याचे डोळे सापडेनात. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी अल्विझेने मला त्याच पुलावर उभे केले. का, ते त्यालाही सांगता आले नसते. झानेत्ता सोबत होती. खालचा धक्का ओसाड होता, पाणी हलत नव्हते. अल्विझे कापडाखाली शिरला, दचकून बाहेर आला आणि रिकामा धक्का पुन्हा पाहून परत आत गेला. माझ्या काचेवर, उलट्या घरांच्या मधोमध, एक माणूस सरळ उभा होता, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा.

"वहिनी, इकडे या," तो कसाबसा म्हणाला.

झानेत्ताने कापडात डोके घातले. तिच्या श्वासाने माझी काच ओलसर झाली.

"टोपी काढ, मेल्या," ती हळूच म्हणाली. "आता तरी काढ."

त्याने टोपी काढली.

"हलू नकोस हं! भाऊजी, लवकर!"

अल्विझेने माझ्यात प्लेट सरकवली आणि कळ दाबली. धुतल्यावर तिच्यावर मोमोलोचा हसरा चेहरा उमटला. गालांवरून पाण्याच्या बारीक रेघा गेल्या होत्या. तोच फोटो दगडात बसवला गेला.

त्यानंतर अल्विझेला तो काचेवर पुन्हा दिसला नाही. बिचारा रोज कापडाखाली जाई आणि पडेल चेहऱ्याने बाहेर येई. त्याचे जेवणखाण सुटले. "वहिनी, मी कळ दाबली म्हणूनच तर तो गेला नसेल ना?" असे त्याने एकदा झानेत्ताला विचारले.

ती कापडाखाली गेली. बराच वेळ आतच राहिली. मग डोळे पुसत बाहेर आली.

"काहीतरीच काय, भाऊजी! आहे की तिथंच. आज तर हात केला मला."

अल्विझे त्या दिवशी पोटभर जेवला.

आता ती दोघेही त्याच बेटावर आहेत आणि मी फाटक्या भात्यानिशी अडगळीत पडलो आहे. मित्रांनो, प्रवासाला जाल तेव्हा पुलांचे फोटो जरूर काढा, पूल कुठे पळून जात नाहीत. पण तुम्हाला तिथवर वल्हवत नेणाऱ्याला त्याचे नाव विचारा आणि तो समोर आहे तोवर त्याला डोळे भरून पाहून घ्या. झानेत्ता त्या दिवशी कापडाखाली इतका वेळ पाहत होती ना, तेव्हा माझ्या काचेवर नुसती घरे आणि पाणी होते.