पाटावरचा सोनेरी रंग

मित्रांनो, मला हात असते तर ते जोडूनच सांगितलं असतं, की माझ्यावर नारळ फोडू नका! मी देव नाही. मी लेथ आहे, लोखंड कातणारा जुना लेथ. नाशिकच्या एका तंत्रविद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये माझं सारं आयुष्य गेलं.

दूर पंजाबात मी ओतला गेलो, मालगाडीनं नाशिक रोडला उतरलो. माझं काम साधं. चकात, म्हणजे माझ्या फिरत्या पकडीत, लोखंडाचा दांडा धरायचा, गरगर फिरवायचा, की हत्याराखाली त्याची सालं निघतात, निळी, कुरळी, ऊन ऊन. ते हत्यार ज्या पाटावरून पुढं-मागं सरकतं, तो पाट म्हणजे माझा जीव. आरशासारखा होता तो. मुली त्यात बघून केस सारखे करायच्या.

पोरं आली, शिकली, गेली. त्यातला एक खंडेराव. त्याचा पहिला दांडा बघून सर म्हणाले होते, "अरे, हा दांडा आहे की गाजर?" पण गडी हटला नाही. वर्कशॉपला कुलूप लागेपर्यंत माझ्याशी झटायचा. परीक्षेच्या सकाळी मात्र त्यानं माझ्या पाटावर नारळ फोडला. पुढं त्याचा पंपांचा कारखाना निघाला, पेपरात फोटो आला आणि झालं! त्याचं झटणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नारळ तेवढा राहिला. मग काय, दर परीक्षेला पोरांची रांग. फटाक्! पाटावर नारळाचं पाणी, पाटावर ओलं कुंकू, पाटावर झेंडू. पुसायचं कुणी? जो फोडायचा तो खोबरं खात निघून जायचा. अरे, मला तेल लागतं रे, तेल! पाटावर गंज चढला, खड्डे पडले, तरी पोरं नमस्कारच करत राहिली.

नारळ फोडला नाही तो एका ललितानं. पेठ तालुक्याच्या डोंगरातली ती पोर. मला पहिल्यांदा फिरताना बघून म्हणाली, "हे तर आमच्या आईच्या जात्यावानी घुमतंय." काम करता करता ती स्वतःशीच गायची:

लोखंडाचं माझं जातं, पीठ सांडे निळं निळं
माय दळते डोंगरी, तिची लेक इथं खेळं

आणि जाताना पाट पुसून त्यावरून तेलाचा हात फिरवायची.

नंतर कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली. मी कोपऱ्यात गेलो. यंदा नामवंत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला आणि अध्यक्ष झालेल्या खंडेरावांना माझी आठवण झाली. आठवण तरी कसली! फाटकापाशी चौथरा बांधायचा, वर मला बसवायचं, खाली दगडावर नामवंतांची नावं कोरायची. रंगारी आला. त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत सोनेरी फासलं. चकही सोडला नाही, पाटही नाही. मोटारीची वायर कापली. वर्कशॉपचे सुनील सर "अहो, पाटावर तरी नको" म्हणाले, पण इतकं हळू, की फक्त मलाच ऐकू आलं. आता एकदा वर चढलो, की पुन्हा कधी फिरणं नाही.

मेळाव्याच्या दिवशी वर्कशॉपच्या दारात क्रेनचा पट्टा माझ्या कमरेला बसला, तेवढ्यात ललिता आली. प्रमुख पाहुणी. डोंगरातल्या बायांचा नागली, म्हणजे नाचणी, सडायचा त्रास वाचवणारं यंत्र तिनं काढलंय. हारतुरे बाजूला ठेवून ती थेट माझ्यापाशी आली. पाटावर बोट फिरवलं. बोट सोनेरी झालं.

"खंडेरावदादा, पाटाला रंग?"

"झळकतोय की नाही? आणि ताई, दगडावर तुमचं नाव दुसऱ्या नंबरावर आहे बरं का!"

"अन् हा चालणार कसा?"

"चालवायचाय कुणाला? लय राबला बिचारा. आता आराम."

"मग मलाच बसवा चौथऱ्यावर. फासा सोनेरी रंग. मीपण नामवंतच ना?"

पोरं फिस्सकन हसली. खंडेराव घड्याळ बघत म्हणाले, "ताई, क्रेन खोळंबलीय हो."

"खोळंबू द्या."

तिनं पदर खोचला. सुनील सरांनी न सांगता थिनर आणि चिंध्या आणल्या, वाटच बघत असल्यासारखे. "दादा, सर सांगायचे ते गाजर इथंच सोललंत ना?" ललिता म्हणाली, "धरा चिंधी." खंडेरावांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग कोट काढला. रंग निघत गेला तसे खालचे खड्डे उघडे पडले. त्यांचं बोट एका खड्ड्यात अडकलं.

"हे कशानं झालं?"

"तुमच्या नारळानं," ललिता म्हणाली. "तुमचं बघून सगळ्यांनी फोडले."

ते बराच वेळ पाट पुसत राहिले. मग मान वर न करताच क्रेनवाल्याला म्हणाले, "सोड रे तो पट्टा."

सुनील सरांनी वायर जोडली. मी कण्हलो, खोकलो आणि फिरलो! शेवटच्या वर्षाची आरोही चकात दांडा लावायला पुढं झाली. आजवर तिनं मला फक्त हार घातले होते. तिनं हत्यार इतकं खाली बांधलं, की लोखंडाला लागताच मी करकर ओरडलो. "अगं, वर घे, वर!" ललिता किंचाळली.

मी चिडलो होतो, मित्रांनो. खूप चिडलो होतो. पण कित्येक वर्षांनी मी कुणाच्या तरी शिकण्यावर चिडलो होतो. तुमच्याकडं असं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याला तेल द्या, त्याच्यावर चुका करा. एवढं चिडायचं सुख त्याच्याकडून काढून घेऊ नका.