निळं वस्त्र बांधलेली विहीर

"उपसा थांबला की झरा रुसतो," मला खणणाऱ्या म्हाताऱ्या गोम्बोने माझ्या काठावर बसून बजावलं होतं. "एखादे वेळी पूजा राहिली तर राहू दे, उपसा राहता कामा नये." मी ते कानामागे टाकलं. मित्रांनो, तेव्हा मी काठोकाठ होते. भरलेल्याला कुठली आलीय काळजी!

गोबीच्या वाळवंटातली, चुन्याशिवाय नुसते दगड रचून बांधलेली मी जुनी विहीर. उंटांचे तांडे माझ्यावर यायचे. शेवटी निघणारा माणूस काठाजवळची दगडी डोण भरून ठेवायचा, मागून येणाऱ्या वाटसरूसाठी आणि रानगाढवांसाठी. माझ्या पाण्यात दुधाचा थेंब पडू द्यायचा नाही, अशी रीत. दर वसंतात कुणीतरी दोराला धरून उतरायचं आणि गाळ काढायचं.

मग टेकडीपलीकडे बोअर झाली. गोम्बोच्या घरच्यांनी माझ्या काठाला निळं रेशमी वस्त्र बांधलं, आभाळाकडे दूध शिंपडलं आणि पवित्र विहिरीला आता त्रास नको म्हणून वर झाकण ठेवलं. मी हुरळून गेले. आत गाळ चढत होता.

यंदा ती बोअर आटली. एका सकाळी माझं झाकण सरकलं. वर गोम्बोची म्हातारी सून सेवेलमा, तिची सून ओदवाल आणि ओदवालचं रांगतं पोर. सेवेलमाचा मुलगा कळप घेऊन पाण्याच्या शोधात गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. ओदवालचं दूध आटलं होतं. आणि माझ्या तळाशी नुसता सुका गाळ.

त्यांनी तंबू माझ्याशेजारीच उभारला. पोराला कमरपट्ट्याने पलंगाला बांधून ओदवाल दोराने खाली उतरली. गाळ खरवडताना सारखी वर पाहून विचारायची, पोर रडतंय का, पट्टा नीट आहे ना.

"पोर ठीक आहे," सेवेलमा वरून म्हणाली. "खाली गेलीच आहेस तर तुझ्या नवऱ्याची अक्कल सापडते का बघ. लहानपणी इथंच कुठं सांडून आला असेल."

ओदवाल हसली, मग रडली. संध्याकाळी वाळू ओली लागली. वाटीभर पाणी जमलं, ते पोराला पाजलं. तेवढ्याने भागणार नव्हतं. उरलेला एकुलता उंटही थकलेला; फार तर मायलेकरांना गावापर्यंत नेईल, एवढंच.

"आई, तुम्हीही चला ना. मी चालेन."

"आणि हिला कोण उपसणार? झरा पुन्हा बुजला, तर कळप घेऊन आलेल्या तुझ्या नवऱ्याला काय पाजू, माझं डोकं? नीघ. पोराला ऊन लागू देऊ नकोस."

ओदवाल गेली. सेवेलमा रोज पोहरा सोडायची, गाळ ओढायची. जे पाणी निघे ते डोणीत ओतल्याचा आवाज यायचा. त्यातलं ती किती प्यायची, ते मला दिसत नसे.

आता माझा झरा मोकळा झालाय. पाणी दगडामागून दगड वर चढतंय, आणि पोहरा मात्र आलेला नाही. कालही नाही, आजही नाही. मला हाक मारता येत नाही.

मित्रांनो, त्या वाटेने कुणी जाणार असाल तर पाणी किती आहे ते माझ्यात वाकून बघत बसू नका. आधी तंबूचं दार उघडा. सेवेलमा आत आहे का, तेवढं पाहा.