मास्तर खाकरायचे तेव्हा

आमचे मास्तर इंजिन काढून घेण्याआधी खाकरायचे. हेलिकॉप्टर हवेत असताना, काही न सांगता, मूठ पिळून इंजिन मंद करायचं आणि शिकाऊ पायलट काय करतो ते बघायचं, ही त्यांची पद्धत. डाव्या हातातला दांडा ताबडतोब खाली दाबला, तर वरचा पंखा वाऱ्यावर फिरत राहतो आणि माणूस धडपणे उतरतो. जरा उशीर झाला की खेळ खलास.

मास्तरांना वाटायचं, आम्ही बेसावध असतो. कसले बेसावध! ते खाकरले रे खाकरले की आमचे हात खाली. "पोरं तयार झाली हो माझी," म्हणत ते हँगरभर मिरवायचे आणि आम्ही चहाच्या पेल्यात तोंड लपवून हसायचो. काय दिवस होते ते! इंधनाचा तो वास आला की आजही मला तिथल्या बाकावर जाऊन बसावंसं वाटतं.

मग एकदा इंजिन खरंच बंद पडलं. कुणी खाकरलं नाही, म्हणून माझा हात हललाच नाही. मास्तरांनी दांडा दाबला, पण उशीर झाला होता. आम्ही मोकळ्या रानात आदळलो. मला साधं खरचटलं नाही. मास्तरांची पाठ कायमची गेली.

आता त्यांच्या जागी मी आहे. दुसऱ्या एका शाळेत अशाच सरावात हेलिकॉप्टर मोडल्यापासून वरिष्ठ माझ्या मागे लागलेत, यापुढे आधी सांगून इंजिन मंद करा म्हणून. मी ऐकत नाही. सांगून करायचं म्हणजे पुन्हा तेच खाकरणं! पण यंदा शिकायला माझी लेक आहे. सरावात तिचं काही झालं तर मी जबाबदार, आणि सरावाअभावी पुढे कधी झालं तरी मीच. झोप उडालीय माझी.

काल तिच्याबरोबर उडाले. गुपचूप मूठ पिळली, तर तिचा हात केव्हाच खाली! उतरलीही झकास. मी हरखून गेले.

"इतक्या चटकन कसं गं कळलं?" खाली आल्यावर मी विचारलं.

"न कळायला काय झालं?" ती हेल्मेट काढत हसली. "तू आधी माझ्या पट्ट्याकडे बघतेस, आई. नीट बांधलाय ना म्हणून. दर वेळी!"

मास्तर का खाकरायचे, ते मला तेव्हा कळलं. त्यांची इतकी आठवण आली की डोळे भरून आले.

"उद्यापासून तू दुसऱ्या सरांबरोबर उडायचं," मी म्हटलं.

"का? माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही, बाळा. त्यांची तू कोणी लागत नाहीस, म्हणून."