तीन वर्गांची बेरीज

या, जवळ सरकून बसा. कीर्तनाच्या बुवांचा टांगा यायला अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगते. आपल्या धुळ्यातलीच.

आमच्या शेजारी भिकुआक्का आणि त्यांची सून कमल राहत. कमल इंटरपर्यंत गणित शिकलेली, आणि मुलींच्या शाळेत शिकवायची काय, तर काजं-बटणं! तिला मॅट्रिकचं बीजगणित शिकवायला हवं होतं. एक दिवस हेडमास्तर तोतारामनाना वर्गात सांगत होते, "कुठल्याही तीन संख्या घ्या. त्यांच्या वर्गांची बेरीज ही त्यांतल्या दोन-दोन संख्यांच्या गुणाकारांच्या बेरजेपेक्षा कधी कमी भरत नाही. पुष्कळ आकडे घालून पाहिले, झालं सिद्ध!"

"नाना, न घातलेल्या आकड्यांचं काय?" कमलनं दारातूनच विचारलं.

नाना भडकले. "मग तुम्हीच दाखवा सोमवारी. जमलं तर वर्ग तुमचा. नाहीतर सुईदोरा आहेच!"

झालं! घरात नुसता वैताग. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून त्या दोन बेरजांच्या वजाबाकीचे नुसते वर्ग पाडायचे, एवढाच कमलचा ध्यास. पण अ, ब, क यांतली दोन अक्षरं जुळवली की तिसरं उघडं पडायचं. त्यात नवरा, पुनाभाऊ, जेवता जेवता ओरडायचा, "सात, आठ, नऊ घाल, बरोबर येतं!" ती कपाळावर हात मारून घ्यायची.

रविवारी काल्याचं कीर्तन होतं. आक्कांनी तिच्या हातातली पाटी ओढली. "ऊठ वं माय! ती पाटी काय पळी जाई?"

बुवा काय रंगले होते! आणि ही माझ्या शेजारी तोंड फुगवून. "संपवा ना हो," पुटपुटली, तेव्हा मी चिमटाच काढला.

शेवटी आपल्या रीतीनं सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. आक्का आणि मी पडलो, मग कमल आणि मी. मग आक्का सुनेपुढे वाकल्या. ती मागं सरली. "अहो, तुम्ही मोठ्या!"

"आठे कीर्तनमा कोन मोठं, कोन धाकलं? उभी ऱ्हाय!" आक्का खेकसल्या.

कमल उभीच राहिली, खांबासारखी. "सुगंधावहिनी, आपण तिघी. जोड्या तीन. पण प्रत्येकीच्या वाट्याला भेटी दोन!"

"बरं मग?" मी वैतागले.

"मी प्रत्येकीला एकदाच वापरत होते! आधी सगळं दुप्पट करायला हवं!"

सोमवारी तिनं फळ्यावर ती वजाबाकी दोननं गुणली. मग पहिल्या संख्येतून दुसरी, दुसरीतून तिसरी, तिसरीतून पहिली वजा. तिन्ही फरकांचे वर्ग, आणि त्यांची बेरीज. बाकी काही उरलं नाही. "कोण मोठी, कोण धाकटी, वर्गाला सारखंच. माझ्यावर विश्वास नको नाना, गुणून बघा."

नानांनी गुणलं. पुसलं, पुन्हा गुणलं. खडू आपटला. "घ्या वर्ग! आणि शिवणाला बाई तुम्हीच शोधा!"

आक्का आता नाहीत. आज कीर्तन सुटल्यावर कुणी वडीलधारं तुमच्यापुढे वाकलं, तर मागं सरू नका. त्या खेकसणाऱ्या माउलीची तेवढी आठवण काढा.