धर, सोड, बस, ये

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भाचीने मावशीला चार शब्द शिकवले. धर, सोड, बस, ये.

"एका वेळी एकच," दवाखान्याच्या खाटेवर मांडी घालता येत नव्हती म्हणून भाची उशीला रेलून बोलत होती. "आणि मोठ्याने म्हणायचं. तू पुटपुटलीस तर खेळ चालवणारे सूत्रधार सरळ सांगतील, ऐकू आलं नाही म्हणून. तुझी पाळी आली की एक तर तू बाण मारायचा, नाहीतर भुऱ्याला आज्ञा द्यायची. दोन्ही जमत नाही. आज्ञा दिली नाहीस तर तो नुसता अंग चोरून स्वतःला सांभाळतो. आणि शब्द एकदा तोंडातून गेला की गेला. परत घेता येत नाही."

"आणि तो ऐकतो?"

"भुऱ्या ना? तू सांगशील ते ऐकतो."

भुऱ्या म्हणजे लांडगा. भाचीने स्वतः मातीचा घडवून राखाडी रंगवलेला, अंगठ्याएवढा, एक कान जरा वाकडा. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी जो लढायांचा खेळ मांडला जायचा, त्यात भाची रानातली वाटाडी होती आणि भुऱ्या तिच्या सोबतीला. डावा खुबा जन्मापासून अधू, त्यामुळे भाची कधी पळाली नव्हती. "माझ्या वाटणीचं तोच पळतो," असं ती थट्टेत म्हणायची, आणि सगळे हसले तरी मावशीला कधी हसू यायचं नाही.

"मग यावेळी खेळू नका ना," मावशी हळूच म्हणाली.

"अगं, लढाई अर्धी राहिली आहे. लिफ्टदादा पुढे दोन महिने बाहेरगावी कामाला जाणार. तू फक्त माझ्या खुर्चीत बस. काही जिंकू नकोस, कोणाला मारू नकोस. एवढंच कर, भुऱ्याला जिवंत ठेव. मी घरी आले की मला तो टेबलावर उभा हवा."

मावशीने मान डोलावली. कोणी काही मागितलं की तिची मान आपसूक डोलायची.

तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. लांबी कमी करायची, चेन बदलायची, उसवलेलं शिवायचं. गिऱ्हाईक दार उघडायच्या आधीच "आजच हवंय हं" म्हणायचं आणि ती "बघते" म्हणायची. धोब्याचा माणूस गाठोडी जिन्यातच टाकून जायचा. "वर आणता का?" असं ती विचारायची, तोवर तो कोपऱ्यापलीकडे गेलेला असायचा. बहीण गेल्यावर तिची मुलगी पदरात आली, तेव्हापासून मावशीचे दोन नेम होते. सकाळची प्रार्थना पुरी होईपर्यंत मौन, आणि मग दिवसभर आवाज चढवायचा नाही. दुसरा नेम पाळणं सोपंच होतं, कारण तिचा चढलेला आवाज ऐकायला कोणी थांबतच नसे.

रविवारी ती वेळेआधी पोचली. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र चादरीखाली झाकलेलं होतं. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, वर मोठं अक्षर आणि खाली मुंगीएवढी. टेबलावर डाकूंची खिंड मांडलेली. दुकानाचे मालक चष्मेवाले हेच सूत्रधार. उभ्या पुठ्ठ्यामागे बसून डाकू, वारा, अंधार, सगळ्यांची सोंगं तेच घ्यायचे. कोणाचा किती जीव उरला ते मोजायला चष्म्याचे बारके स्क्रू होते. भुऱ्यापुढे त्यांनी डबीतून स्क्रूंचा ढीग ओतला. लिफ्ट दुरुस्त करणारा गडी, म्हणजे भाचीचा लिफ्टदादा, खेळात जादूगार होता.

"या मावशी!" त्याने खुर्ची ओढली. "आज आमचा जीव तुमच्या हातात."

"माझ्या नको हो," ती म्हणाली.

पहिली पाळी आली तेव्हा तिने घसा साफ केला. "धर हं, बाळा."

सूत्रधारांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात, ताई?"

"धर हं... जमेल तर."

"ताई, तो लांडगा आहे, गिऱ्हाईक नाही."

लिफ्टवाला हसता हसता तिच्या कपात चहा ओतायला लागला. कप भरत आला तशी ती घाईने म्हणाली, "बस, बस!"

"बसला!" सूत्रधारांनी टाळी वाजवली. "मोठ्याने आणि स्पष्ट. भुऱ्या भर लढाईत खाली बसला."

"अहो, मी चहाला म्हटलं!"

"बघा हं. पहिलीच वेळ म्हणून सोडतो. चहाची आज्ञा चहाला."

सगळे इतके हसले की तीही हसली. आणि त्या हसण्यातच तिचा आवाज कुठेतरी सुटा झाला असावा, कारण पुढच्या पाळीला ती म्हणाली, "धर!" आणि भिंतीलगतच्या ट्रेमधल्या काचा किणकिणल्या.

भुऱ्या गेला.

सूत्रधारांनी वीस बाजूंचा फासा टाकला आणि सांगायला लागले. कसा तो दगडावरून झेपावला, कसं डाकूचं मनगट त्याच्या दातांत आलं, कशी तलवार खणखणत खाली पडली. मावशीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो गेला होता. बघतो म्हणाला नव्हता, उद्या बघू म्हणाला नव्हता. तिने एक शब्द उच्चारला आणि कोणीतरी तिच्यासाठी जीव खाऊन धावलं होतं.

"मावशी, काय आवाज काढलात!" लिफ्टवाला म्हणाला. "आमच्या साहेबाला एकदा असं म्हणाल का?"

"धर!" ती पुन्हा म्हणाली, पाळी आल्या आल्या. मग "सोड!" आणि पुढच्या पाळीला परत "धर!" डाकू एकेक करून आडवे होत होते. दर खेपेला भुऱ्यालाही काही ना काही लागत होतं, आणि सूत्रधार चिमट्याने त्याच्यापुढचे स्क्रू उचलून डबीत टाकत होते. टिक. टिक. तिला तो आवाज ऐकू येत होता. ऐकू येत नव्हता असं पुढे तिला कधीच म्हणता आलं नसतं.

शेवटी उरला डाकूंचा सरदार. आणि भुऱ्यापुढे दोन स्क्रू.

"मावशी, आता ये म्हणा," लिफ्टवाला टेबलावर वाकला. "बोलवा त्याला मागे. पुढच्या पाळीत मी मंत्र टाकून त्या सरदाराला झोपवतो. पक्कं."

तिला ते पटलं होतं. "ये" हा शब्द जिभेवर आलाही होता. पण सरदार समोर उभा होता, एकटा, आणि एका शब्दाचं अंतर होतं. दुसऱ्या कोणी तो पाडावा हे तिला नको होतं.

"धर!"

सूत्रधारांनी आपल्याच चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ते कधी दुसऱ्यांदा विचारत नसत. "ताई... नक्की?"

"शब्द गेला," ती म्हणाली. तिनेच म्हटलं ते, आणि वर हसून.

फासा घरंगळत जाऊन तक्त्याखालच्या भिंतीला टेकला. भुऱ्या सरदारापर्यंत पोचलाच नाही. भाला आडवा आला. सूत्रधारांनी दोन्ही स्क्रू उचलले, डबी बंद केली, आणि त्या मातीच्या लांडग्याला बोटाने हलकेच कुशीवर आडवं केलं. काढून घेतलं नाही. नुसतं आडवं केलं.

पुढच्या पाळीत लिफ्टवाल्याने मंत्र टाकला आणि सरदार झोपला. सांगितलं होतं तसंच.

मग मावशीने तिच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "परत नाही का घेता येत?"

सूत्रधारांनी पुठ्ठा मिटला. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. "आता कसं, ताई?"

"असं करू," लिफ्टवाला म्हणाला. त्याला कोणाचं तोंड पडलेलं पाहवत नसे. "पोरीला सांगू की मी चहा ओतला, तुम्ही बस म्हणालात आणि हा बसला. तेवढ्यात भाला लागला. खोटं काय त्यात? बस तर तुम्ही म्हणालाच होता. हसेल ती."

मावशीची मान डोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवापुढे बसली आणि प्रार्थनेची पहिली ओळ तिच्या मनात पुरी होईना. दिव्याची वात नीट केली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडखळली. कानात स्वतःचाच आवाज येत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तो अजूनही गोड वाटत होता. अखेर ती तशीच उठली. प्रार्थना पुरी झाली नाही, म्हणजे मौन सुटलं नाही. मौन सुटलं नाही, म्हणजे दवाखान्यात बोलावं लागणार नाही. देवाला आपण आपल्या सोयीला उभं करतोय हे तिला कळत होतं. चप्पल घालताना तिने दिव्याकडे पाठ ठेवली.

भाचीचा पाय पट्ट्यांत होता. तोंडावर सूज होती, पण डोळे जागे.

"भुऱ्या?" तिने पहिल्यांदा तेच विचारलं.

मावशीने ओठांवर बोट ठेवलं.

"अजून मौन? अगं, दुपार व्हायला आली." मग ती जराशी हसली. "राहू दे. मला कळलंय. लिफ्टदादांचा फोन आला होता. चहाला बस म्हणालीस आणि हा येडा बसला!" हसताना टाके ओढले म्हणून तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरलेले होते. "चूक माझीच आहे, मावशी. रोजच्या तोंडातला शब्द कोणी आज्ञेला ठेवतं का? तू तर जेवताना बस म्हणतेस, कोणी कौतुक केलं तरी बस म्हणतेस. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? दुसरा एखादा शब्द शिकवला असता तर वाचला असता तो. तू मनाला लावून घेऊ नकोस हं. मीच घालवला त्याला."

शेजारच्या खाटेवरच्या बाई कूस बदलून झोपल्या होत्या. मावशीच्या पिशवीत, रुमालाच्या घडीत भुऱ्या होता. खोटं बोलायचं नाही हा नेम तिने कधी घेतलाच नव्हता, कारण त्याची गरज पडेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि आता ती एक शब्दही न बोलता खोटं बोलत होती, आणि पोर तिचं पाप आपल्या अंगावर ओढून घेत होती.

"मी बस नव्हते म्हणाले," मावशी म्हणाली.

भाचीने मान वळवली.

"चहाला म्हटलं ते आधी. ते सोडून दिलं त्यांनी. नंतर मी धर म्हटलं. लिफ्टवाले ये म्हणा म्हणाले होते. मला ऐकू आलं होतं."

"किती उरलं होतं त्याला?"

"दोन."

"तुला दिसत होतं?"

"हो."

"कसं म्हणालीस?"

"काय?"

"धर. कसं म्हणालीस? म्हणून दाखव."

"इथे? अगं, लोक..."

"म्हणून दाखव."

मावशी उभी राहिली. पदर हातात घट्ट धरला. "धर!"

शेजारच्या बाई दचकून उठल्या. नर्सने दारातून डोकावून "काय झालं?" असं विचारलं आणि भाची म्हणाली, "काही नाही." ती मावशीकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. इतक्या वर्षांत या आवाजात तिला कोणी हाक मारली नव्हती, उठवलं नव्हतं, रागावलंही नव्हतं.

"मग तो जाणारच," ती म्हणाली.

मावशीने रुमाल उलगडला आणि भुऱ्याला खाटेजवळच्या छोट्या टेबलावर ठेवलं. सवयीने चार पायांवर उभा ठेवला. भाचीने हात लांब केला, त्याचा वाकडा कान चाचपला आणि त्याला कुशीवर आडवं केलं.

माफ कर म्हणायला मावशीने तोंड उघडलं. पण माफ कर हीही आज्ञाच, असं तिला वाटलं, आणि या पोरीला आज आणखी कशाची आज्ञा द्यायची तिची हिंमत नव्हती.

"पाणी दे," भाची म्हणाली.

मावशीने पेला हातात घेतला आणि जगमधून ओतायला लागली. ती नेहमी अशीच ओतायची, समोरच्याने सांगेपर्यंत. पेला अर्धा झाला. भाची पाण्याकडे बघत होती. पाणी वर चढत काठाला आलं, तरी मावशी ओतत राहिली आणि वाट बघत राहिली. भाचीचे ओठ त्या नेहमीच्या शब्दासाठी जुळले आणि तिथेच थांबले.

"पुरे," ती म्हणाली.