जयरामच्या गाडीचं तेल

"आता सगळ्यांनी तोंडं बंद ठेवा, नायतर मी चाललो मुरबाडला," गाडीखालून धाऊमिस्त्री म्हणाला. त्याचे फक्त पाय दिसत होते, पण तेही रागावलेले वाटत होते.

गाडी म्हणजे माझ्या वडिलांचा ट्रक. बाबा गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वैशाखऱ्याच्या चढावर विटा नेताना तेलाचा लाल दिवा लागला. मग इंजिन खडखडायला लागलं. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून गाडी आमचा ड्रायव्हर दामूच चालवतो. विटा तिथेच उतरवून त्याने ती शेणव्याला घरी परत आणली. प्रत्येक टपरीवर इंजिन थंड करत, म्हणजे प्रत्येक टपरीवर चहा घेत.

माझा भाऊ रत्नदीप कल्याणला नोकरी करतो. तो म्हणाला, इंजिनच गेलंय, आता या वयाच्या गाडीवर खर्च करण्यात अर्थ नाही. त्याने परस्पर पंकज नावाच्या भंगारवाल्याला फोनही केला. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. शेवटी तडजोड झाली ती अशी की धाऊमिस्त्री सांगेल ते दोघांनी ऐकायचं. बेरिंगं गेली असतील तर गाडी आजच पंकजने न्यायची. नसतील तर ती अंगणात राहील आणि हा विषय पुन्हा निघणार नाही.

पंकज सकाळीच आला होता. पडवीत खुर्ची टाकून तो चहा पीत होता आणि पाहुणा यजमानाच्या बोकडाकडे बघतो तसा गाडीकडे बघत होता.

धाऊमिस्त्री मुरबाडचा, बाबांचा जुना दोस्त; तो त्यांना नुसतं जयराम म्हणायचा. त्याने लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. ते बघून दामूलाही ऐकावंसं वाटलं. मग रत्नदीपने ऐकलं. त्याने रात्रभर मोबाइलवर कुणा हिंदी मिस्त्रीचे व्हिडिओ पाहिले होते आणि त्याच्या मते ऑइल पंप गेला होता. दामूच्या मते बेरिंग. शेजारची जना आत्या म्हणाली, मालक गेला की गाडी रडते.

"आत्या, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात," रत्नदीप म्हणाला.

"मी गाडीचं सांगते रे, देवाचं नाय."

याच वेळी धाऊमिस्त्रीने मुरबाडला जायची धमकी दिली होती.

बाहेर येऊन त्याने तेलाचा सेन्सर काढला आणि त्या जागी स्वतःचं दाब मोजायचं घड्याळ बसवलं. गाडीच्या दिव्यावर त्याचा विश्वास नव्हता. गाडी पुन्हा सुरू केली. काटा झपकन वर गेला. इंजिन तापलं तसा तो थरथरायला लागला आणि हळूहळू खाली बसला. इंजिनाची खडखडही सुरू झाली. पंकजने कप खाली ठेवला.

"तेल आहे ना?" मिस्त्रीने विचारलं.

"आहे," दामू, रत्नदीप आणि आई एकदम म्हणाले.

मिस्त्रीने मान हलवली आणि पुढे गेला. तेल मोजायची पट्टी काही त्याने काढली नाही. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर आधी तीच काढली असती. पण जयरामच्या गाडीचं तेल बघायचं म्हणजे जयरामवर संशय घ्यायचा. बाबांनी उभ्या आयुष्यात तेल बघितल्याशिवाय सकाळचा चहा घेतला नाही. म्हशाच्या जत्रेला बैल पोचवून, धुरळ्यात उभ्याने झोप काढून उठले, तरी आधी तेल. माझ्या लग्नात नवरदेवाकडची बस उशिरा आली. बाबा व्याह्यांना भेटायच्या आधी बसचं तेल बघून आले. कमी होतं. तसं त्यांनी मांडवात सगळ्यांसमोर सांगितलं. माझे सासरे पुढे कधी त्यांच्यापुढे गाडीचा विषय काढायचे नाहीत.

"चेंबर खोलायला लागंल," धाऊमिस्त्री म्हणाला. "बेरिंगं बघितल्याबिगर मी कायच सांगनार नाय."

आई काहीतरी आणायला घरात गेली आणि काय ते विसरून रिकाम्या हातांनी परत आली. चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, ते खोलायचं म्हणजे आधी तेल काढायचं. मिस्त्रीने खाली घमेलं ठेवून नट सोडला.

घमेलं भरलं. दामूने दुसरं सरकवलं, तेही भरलं. मग बादली आली. मग आईची धुण्याची बादली आली. तेल काळं होतं आणि त्यावर फेस होता, ताक घुसळल्यासारखा. नातवंडांना आंघोळ घालायचा निळा टब आला तेव्हा मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि उकिडवा बसून तेलाकडे बघत राहिला.

"एवढं तेल दोन गाड्यांना पुरंल," तो म्हणाला. "खाली क्रँकचा दांडा फिरतो ना, तो तेलात बुडला नि त्यानं ताक घुसळलं. फेसाला दाब कुठून येनार? कोन ओतीत होतं?"

 मग दामू जमिनीकडे बघत म्हणाला की सकाळी गाडी काढताना तो थोडंसं घालायचा. मालक घालायचे, म्हणून. आईने सांगितलं, दुपारी दामू जेवायला गेला की ती घालायची. त्याच्या लक्षात राहील की नाही, काय नेम. रत्नदीपने घसा साफ केला. तो रविवारी घालायचा.

"भंगारवाल्याला फोन केलास त्या रविवारी पन?" आईने विचारलं.

"जायची तर नीट जाऊ दे म्हटलं," तो म्हणाला.

जना आत्याने आपण होऊन कबूल केलं की कार्यक्रमाच्या दिवशी तिनेही अर्धी वाटी ओतलं होतं. गोडं तेल. मिस्त्रीने कपाळावर हात मारला, तो तेलाचा होता.

"पन भावोजी," आई म्हणाली, "आधी गळायचं म्हनून ते रोज ओतायचे. ती गळती तुमीच बंद केली ना, दिवाळीच्या आधी?"

"केली ना. माझ्या हातानं सील बदललं. त्याच्यानंतर जयराम नुसता बघायचा, ओतायचा नाय." मिस्त्री थोडा वेळ हात पुसत राहिला. "स्मशानातून आलो ना वहिनी, त्या दिवशी मी पन एक डबा ओतला. मला सीलच आठवलं नाय."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं. तेल कुठून ओततात हे मला माहीत नव्हतं.

मिस्त्रीने चेंबर खोलला आणि टॉर्च घेऊन बेरिंगं बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाला, झिजलीत, पण आपल्या सगळ्यांपेक्षा कमी. सगळं पुन्हा बसवून त्याने नवीन तेल घातलं आणि या वेळी तीनदा पट्टी काढून बघितली. गाडी सुरू झाली. काटा चढला आणि तिथेच राहिला. इंजिन तापलं तरी हलला नाही.

पंकज उठला. मोकळ्या हातांनी जायचं त्याच्या धंद्यात बसत नसावं. काढलेलं तेल देता का, असं त्याने विचारलं. रत्नदीपने निमूटपणे त्याला डबे भरायला मदत केली.

जाताना मिस्त्रीने बजावलं की इथून पुढे तेलाला एकाच माणसाने हात लावायचा. दामूने हात पुढे केला होता, पण त्याआधी आई म्हणाली, "मी."

मी त्या दिवशी माहेरीच राहिले. सकाळी अंगणात आले तेव्हा दामूने बॉनेट उचलून धरलं होतं आणि आई स्टुलावर चढली होती. तिने पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली आणि उजेडाकडे धरली. तेल दोन खुणांच्या बरोबर मधे होतं.

"बराबर हाय, काकी," दामू म्हणाला.

"दिसतंय मला."

तिने पट्टी जागेवर घातली आणि उतरली. दामूने बॉनेट लावलं, गाडी वळवली आणि कसलीही खडखड न होता रस्त्याला लावली. आई अंगणात तशीच उभी होती. स्टुलाशी आणून ठेवलेला तेलाचा भरलेला डबा आता तिच्या हातात होता, तो कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हतं.