दोन दांड्यांची प्रेस

राग हा वैरी, असं भली माणसं सांगतात, खरंच सांगतात. पण एखादा राग देवच पाठवत असावा. आज मिस्त्रीच्या कंपनीच्या फाटकातून प्रेस मागून प्रेस बाहेर पडते, तिचा पाया अशाच एका रागावर घातलेला आहे.

मिस्त्रीच्या बायकोची डाव्या हाताची दोन बोटं पत्र्यातून डब्यांची झाकणं कापताना जुन्या प्रेसच्या घणाखाली गेली. तेव्हापासून मिस्त्रीला अन्न गोड लागलं नाही. त्याने नवी प्रेस घडवली. तिला दोन दांडे. दोन्ही हातांनी दोन्ही ओढल्याशिवाय घण खाली यायचाच नाही. हात दांड्यांवर, म्हणजे घणाखाली नाहीत. एवढी साधी गोष्ट.

पहिलं गिऱ्हाईक बायकोच्या थोरल्या भावाने, दादाने, आणलं. डब्यांचा कारखानदार. ती शेडमध्ये शिरली आणि तिथेच थबकली. डावा दांडा सुतळीने खाली ओढून बांधलेला. दादा एका हाताने पत्रा सरकवत होता, दुसऱ्याने उजवा दांडा ओढत होता. धाड, धाड, धाड.

"कोणी बांधलं हे?"

"अगं, वेग दाखवायला नको? तू घरात जा," दादा म्हणाला. "कंपनी काढायची म्हणजे थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं."

"तुला नाही विचारलं."

मिस्त्री चिंधीने हात पुसत राहिला. स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"तुम्ही बांधलंत," ती म्हणाली. "ज्या हातासाठी यंत्र काढलं, त्याच हाताचा दांडा बांधलात."

स्टूल ओढून ती बसली. तीन बोटांचा पंजा तिने सरळ घणाखाली ठेवला. "ओढ दादा. गिऱ्हाइकाला वेग बघायचाय ना."

दादाने दांडा असा सोडला, जणू तो तापला होता. कारखानदाराने टोपी उचलली, "घरचं मिटवा आधी" म्हणाला आणि चालता झाला.

"घातलास खोडा," दादा म्हणाला. घरात तिने मिस्त्रीशी अबोला धरला. ताट वाढायची, तेही आदळून.

काही दिवसांनी मिस्त्रीने तिला शेडमध्ये नेलं. प्रेसच्या आत नवा खटका बसवला होता. "दर घावानंतर दोन्ही दांडे वर आले पाहिजेत. नाही आले तर प्रेस अडते. बांधून बघ."

तिने डावा दांडा करकचून बांधला, उजवा ओढला. घण पडला. पुन्हा ओढला, घण जागचा हलला नाही. ती दांड्यावर सगळा भार टाकून लोंबकळली, तरी नाही. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर हसू फुटू लागलं.

"पहिला घाव पडलाच की," ती म्हणाली. "माझी बोटं काय दुसऱ्या घावात गेली होती?"

हसू विरलं. मग त्याने पाना उचलला आणि खटका पुन्हा खोलायला घेतला.

"दादाला काय सांगू?" त्याने खालमानेनेच विचारलं.

"सांगा, एवढ्यात गिऱ्हाईक आणू नकोस," ती म्हणाली आणि दिवा त्याच्या हाताजवळ सरकवून तिथेच बसली.